फळ्यावर न मावलेली पृथ्वी

तीर्थस्वरूप वन्संना वाकून नमस्कार. (पत्रात वाकायला कंबर लागत नाही, म्हणून जरा जास्तच वाकले आहे.) तुमचा गुडघा काय म्हणतो? आणि शिवणवर्ग? इकडे तुमचे बंधुराज ठणठणीत आहेत. परवाच्या रविवारपासून तर त्यांचे पाय जमिनीला लागत नाहीत. भूगोलाच्या मास्तरांनी असं अधांतरी चालणं बरं दिसत नाही, पण सांगायचं कुणी?

निवृत्त झाल्यापासून हे किती गप्प झाले होते, ते तुम्ही पाहिलंतच. वाचनालयातल्या त्यांच्या पहिल्या व्याख्यानाला मी आणि पहारेकरी असे दोघेच होतो (पहारेकऱ्याला कुलूप लावायचं होतं). त्या दिवशी पृथ्वीचा गोल माळ्यावर गेला तो गेलाच. मोठ्या मिनतवारीने पुन्हा उभे राहायला तयार झाले. विषय, 'पृथ्वीचे वातावरण कसे बदलत गेले?' ग्रंथपालबाईंना फळ्यावर जागा पुरेना, म्हणून त्यांनी 'पृथ्वीचे' तेवढं गाळलं. झालं! घरातलंच वातावरण समजून अख्खी गल्ली लोटली. सासवा एका बाजूला, सुना दुसऱ्या बाजूला.

ह्यांनी सुरुवात केली, की अगदी आधी वातावरणात मोकळा प्राणवायू नव्हताच, नुसती वाफ आणि ज्वालामुखींचा धूर. सुनांनी माना डोलावल्या. पृथ्वी म्हणजे घर, असं सगळ्यांनी आपापलं ठरवून टाकलं होतं. मग म्हणाले, पृथ्वीचं कवच वरून गार आणि पातळ, आत मात्र सगळं धगधगतं. तर पहिली रांग वळून माझ्याकडे बघायला लागली (का, ते मला अजून कळलेलं नाही). पुढे समुद्रात बारीक जीव आले, त्यांनी प्राणवायू सोडला, पण कितीतरी काळ तो पाण्यातलं लोखंड गंजवण्यातच खर्ची पडला, हवेच्या वाट्याला काही येईना. इथे बेकरीवाल्यांच्या धाकट्या सुनेने डोळे पुसले. "सुरुवातीला असंच होतं हो, केलेलं कुणाला दिसतच नाही!" शेवटी औषधवाल्याने विचारलं, "पण मास्तर, यापुढे वातावरण कसं राहील?" हे म्हणाले, "आपल्याच हातात आहे. धूर कमी करायचा." औषधवाल्याच्या खिशातली विड्यांची पुडी त्याच्या बायकोने तिथेच काढून घेतली.

घरी येताना हे म्हणाले, "बघ, लोकांना भूविज्ञानाची केवढी भूक आहे!" वन्सं, इतक्या दिवसांनी त्यांचा आवाज जिन्यात घुमला आणि मला भरून आलं. फळ्याचं मी त्यांना सांगितलं नाही.

तुमची,
भावजय

ता. क. पुढचा विषय, 'पृथ्वीच्या आत काय चालले आहे?' या खेपेला फळा हे स्वतः लिहिणार आहेत, म्हणजे पुन्हा मी आणि पहारेकरी. तेव्हा गुडघा असेल तसा घेऊन या, आणि अख्खा शिवणवर्गही आणा. ह्यांना काही कळता कामा नये. (पत्र पेटीत टाकायला त्यांच्याच हाती देते आहे, पण पाकीट नीट चिकटवलं आहे.)

ता. क. दुसरा, तुझ्या धाकट्या भावाचा. ताई, पाकीट चिकटलेलं नव्हतं. फळा मी आत शिरतानाच वाचला होता. गंजाचा भाग मुद्दाम रंगवून सांगितला. भूविज्ञान ऐकून कुणी डोळे पुसतं का? पण ही पहिल्यांदाच माझ्या व्याख्यानात शेवटपर्यंत जागी होती, आणि घरी येताना फळ्याचं गुपित तिने फोडलं नाही. तिला सांगू नकोस. शिवणवर्ग जरूर आण, पण लवकर ये, खुर्च्या पुरणार नाहीत. 'पृथ्वीच्या' हा शब्द या वेळी मीच गाळणार आहे.