हिरव्यावर वाळूरंगाचा हात

३ मार्च, सोमवार

पुन्हा चुकला! हिरवा फारच पोपटी झाला. पुसून टाकला. आमच्या लेकाच्या चिलखती गाडीचं मॉडेल, पस्तीसपट लहान, कधीचं टेबलावर पडून आहे. हिरवा, तपकिरी, काळा — आणि घोडं अडतं ते हिरव्यापाशीच. आमचे हे म्हणतात, "स्वेटर विणायच्या वयात बाई रणगाडे रंगवतेय!" रणगाडा नाही हो. चाकं आहेत तिला, चाकं! पोरगा सैन्यात गेला तरी बापाला एवढंही कळत नाही.

५ मार्च, बुधवार

सूनबाईने फोटो दाखवला. चिरंजीव गाडीला टेकून उभे, दात काढून हसतायत. माझं लक्ष गाडीवर — हिरवी नाहीच! वरून वाळूचा रंग मारलाय, तोही घाईघाईत. दाराच्या बिजागरीपाशी खालचा हिरवा तसाच दिसतोय. फोटो मागून घेतला. "आई, कुणाला दाखवू नका हं, ह्यांनी बजावलंय." मी कुणाला दाखवणार!

भाजी चिरताना एकदम डोक्यात आलं. वाळूचा रंग म्हणजे वाळवंट. म्हणजे लढाई चाललीय तिकडेच. जेवण गेलं नाही.

८ मार्च, शनिवार

रंगवली. हिरव्यावर केसांचा स्प्रे, म्हणजे वरचा रंग सहज सुटतो, त्यावर वाळूचा पातळ हात, मग ओल्या ब्रशने घासून कडेकडेचा हिरवा बाहेर काढला. हुबेहूब! रंगवते तेवढा वेळ भीती वाटत नाही.

मॉडेलवाल्यांच्या ग्रुपवर टाकली. तिथे एक सर्वज्ञ आहेत, सगळे त्यांना प्रोफेसर म्हणतात. लगेच त्यांचं आलं — "मावशी, या गाड्या हिरव्याच असतात. तुम्ही मनाने रंगवलीत." मनाने! अंगाचा तिळपापड झाला. फोटोतला लेकाचा चेहरा कापला आणि फोटो दिला ग्रुपवर टाकून. प्रोफेसरांनी आपली कॉमेंट काढून टाकली!

९ मार्च, रविवार

फोटो भलतीकडेच फिरतोय. अनोळखी माणसं विचारतायत — कुठली तुकडी, कधी निघणार? चेहरा कापला, पण दारावरचा गाडीचा नंबर तसाच राहिला. मला गाडीत फक्त रंग दिसतो! ग्रुपवरून काढला, आता काढून काय उपयोग. सूनबाई रडतेय. हे उठून फिरायला गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं.

१२ मार्च, बुधवार

लेकाची चौकशी सुरू झाली. माझ्यामुळे.

१५ मार्च, शनिवार

तुकडी निघाली. त्याला मागे ठेवलंय, चौकशी संपेपर्यंत. संध्याकाळी फोन आला. आवाज बसलेला. "माझ्या गाडीवर दुसऱ्याला बसवलंय. आई, खरं सांग — तू मुद्दाम केलंस?"

नाही म्हणाले. पण पटकन म्हणता आलं नाही, आणि ते त्याला कळलं. त्याने फोन ठेवला.

त्या दुसऱ्यालाही आई असेल. तरी आज पोटभर जेवले.