पाइपाला हात लावू नका

फ्रान्स क्लस्टर, इंटरनॅशनल सिटी, दुबई
१० मे २०२५

तीर्थरूप बाबांस,
अरुणचा साष्टांग नमस्कार वि. वि.

माझं पत्र पाहून आईला आनंद होईल आणि तुम्हाला संशय येईल. फोनवर तुमचं कानाचं यंत्र शिट्टी मारतं, मग आपण दोघंही ओरडतो. म्हणून आईनेच सुचवलं की कागदावर लिही, फोटो काढ आणि तिच्या व्हॉट्सअपवर टाक.

डिसेंबरात तुम्ही इथून गेलात तेव्हापासून आपलं धड बोलणं नाही. तुम्ही किचनचा नळ खोलून बसला होतात आणि मी कावून म्हणालो की इथे कशालाही हात लावू नका, सगळ्याला कंपनीची माणसं आहेत. ते तुम्ही मनाला लावून घेतलंत. आई सांगते, ऑगस्टमध्ये पासपोर्ट संपतोय आणि तुम्ही तो ट्रंकेच्या तळाशी टाकून दिलाय. आता दुबई नको म्हणे. सान्वीने हे ऐकलं आणि ती जेवलीच नाही. नऊ वर्षांची आहे, पण फुगते अगदी आजोबांसारखी.

दुसरं म्हणजे हॉलचा एसी परवापासून घरातच गळतोय, तोही नेमका सोफ्यावर. त्याचं पाणी बाहेर नेणारा पाइप, जो बाल्कनीत बादलीवर उघडतो, तो कुठेतरी तुंबलाय. बाहेर बेचाळीस डिग्री, त्यामुळे एसी बंद ठेवायची सोय नाही. दर्शनाने सोफ्यावर पातेलं ठेवलंय आणि आम्ही तिघं जमिनीवर बसतो. तुम्ही तीस वर्षं अख्ख्या गावाला पाणी सोडलंत, म्हणून विचारतो, काय करावं?

लोभ आहेच, तो गळू देऊ नये.
आपला,
अरुण


मु. पो. वेळणवाडी, ता. गुहागर
१२ मे

चि. अरुण यास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचले. अक्षर अजून तसेच, वेलांट्या घाईत सुटतात.

मी नळपाणी योजनेचा व्हॉल्व्हमन होतो, एसीमन नव्हतो. शिवाय मला हात लावायला मनाई आहे. तुझ्याकडे कंपनीची माणसे आहेत, त्यांना बोलाव. तुझी आई शेजारी बसून म्हणते आहे की असे लिहू नका. लिहिले.

पातेल्याच्या तळाशी एक फडके टाकावे, म्हणजे टपटप ऐकू येत नाही. एवढे मनाई मोडून सांगतो. आंबा यंदा कमी आहे. पासपोर्ट जिथे आहे तिथे सुखी आहे.

सान्वीस गोड पापा. तिला म्हणावे, रुसावे, पण जेवून रुसावे.

राग कायम आहे, लोभही.
दत्ताराम


दुबई, १५ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही सांगितल्याप्रमाणे कंपनीची माणसं बोलावली. आता जे झालं ते वाचून तुम्ही हसणार, हे ठाऊक असूनही लिहितो.

आमच्या बिल्डिंगच्या दुरुस्तीचं कंत्राट आमच्याच कंपनीकडे आहे आणि तक्रारी घेणाऱ्या टेबलावर मीच बसतो. घरून ॲपवर तक्रार टाकली, ऑफिसला पोचलो, तर ती माझ्याच पुढ्यात. नियमाप्रमाणे मी मला उत्तर पाठवलं की तुमची तक्रार आमच्यासाठी महत्त्वाची आहे, कृपया धीर धरा. धरला.

आज सकाळी आमच्या कंपनीचा मेकॅनिक रिझवान आला. माणूस कामाला वाघ आहे. त्याने एसीच्या बाजूने पाइपात प्रेशरची नळी घातली, यल्ला, म्हणजे चला, म्हणाला आणि मशीन सुरू केलं. पाइप काही उघडला नाही. सगळं पाणी उलटं फिरून छतात गेलं आणि छताचा हातभर तुकडा पातेल्यात पडला. रिझवान खलास म्हणून नळी गुंडाळायला लागला. त्यानंतर माझ्या फोनवर मेसेज आला की आपलं काम पूर्ण झालं आहे, किती तारे द्याल? फोन सान्वीच्या हातात होता. तिने एक दिला. त्या एका ताऱ्याचा खुलासा मला रविवारपर्यंत मॅनेजरला द्यायचाय.

बाबा, चेष्टा पुरे. ओल आता भिंतीत उतरतेय आणि दर्शनाने पातेल्यानंतर परात काढलीय. सांगा काहीतरी.

लोभ असू द्यावा, सध्या तेवढाच कोरडा आहे.
आपला,
अरुण


वेळणवाडी, १६ मे

चि. अरुण यास,
आशीर्वाद.

आतून ढकलले? शुद्धीवर होते का सगळे? पाण्याच्या वाटेत काही अडकले असेल तर ते ढकलून अजून घट्ट बसते. ते बाहेरून ओढायचे असते. हे आमच्या वेळणवाडीतली म्हैससुद्धा सांगेल.

आता नीट वाच. पाणी ओढणारे व्हॅक्यूमचे मशीन मिळव. बाल्कनीतल्या पाइपाच्या तोंडाला त्याची नळी लाव. सांध्यावर ओले फडके घट्ट आवळून धर, हवा निसटली तर सगळे फुकट. तीन मिनिटे धरून ठेव. तू स्वतः धर, दुसऱ्याला धरायला लावून लांबून सूचना देऊ नकोस. तोंडाने मात्र ओढू नये. एकदा टाकीची नळी मी तशी ओढली होती, तेव्हा तुझी आई आठ दिवस जवळ बसत नव्हती.

जे निघेल ते टाकून दे. त्याची चौकशी करत बसू नये.

दर्शनास आशीर्वाद. घाईत आहे, पण लोभ घाईतला नव्हे.
दत्ताराम


दुबई, १८ मे

ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पाइप मोकळा झाला! शेजारच्या बदरुन्निसा खालांचं गालिचे धुवायचं मशीन आणलं. मी फडकं आवळून धरलं, सान्वी इंग्रजीतून आकडे मोजत होती. एकशे चाळीसला आत काहीतरी घुसमटलं आणि नळीच्या तोंडाशी एक काळा बोळा येऊन चिकटला. तुम्ही चौकशी नको म्हणाला होतात, पण मी तो धुतला. निघाला वीतभर पंचा, तांबड्या काठाचा.

दर्शनाचा चेहरा उतरला. जानेवारीत पाहुणे यायचे होते, तेव्हा पाइपातून एक चिंधी लोंबताना तिला दिसली आणि तिने ती कात्रीने तोंडाशी छाटून टाकली होती. आत राहिलेल्या तुकड्यावर इथली वाळू बसत गेली.

खरं सांगतो, मला आधी रागच आला. म्हटलंच होतं हात लावू नका, हे वाक्य लिहायलाच बसलो होतो. तेवढ्यात पाणी बादलीत पडायला लागलं. टप. टप. टप. आणि मला आठवलं. नोव्हेंबरात तुम्ही आलात तेव्हा या आवाजाने आईची दुपारची झोप दोन दिवस मोडली होती. तिसऱ्या दिवसापासून आवाज बंद झाला. तो कसा बंद झाला, हे आमच्यापैकी कुणी विचारलंच नाही. मी तर दिवसभर लोकांच्या गळतीच्या तक्रारी घेणारा माणूस, मीही नाही. तुम्ही खोललेला किचनचा नळसुद्धा तेव्हापासून एक थेंब गळलेला नाही, हे मी आज जाऊन पाहिलं.

माझं चुकलं, बाबा. तुम्ही या. शुक्रवारी अर्धा दिवस सुट्टी असते, पण या टपटपीत डुलकी लागत नाही. सान्वीने वर्गात सांगून ठेवलंय की तिचे आजोबा पाण्याला गप्प करतात. आता तिला खोटं पाडू नका.

लोभाची वाट मोकळी झालीय, ती तशीच राहावी.
तुमचा,
अरुण


वेळणवाडी, २१ मे

चि. अरुण यास,
अनेक आशीर्वाद.

पंचा माझाच. तुझे पहिले पत्र वाचले तेव्हाच मला तो आठवला होता. म्हणून तर कंपनीची माणसे बोलाव म्हणालो.

ती वात होती. आपण पागोळीखाली चिंधी बांधतो तशी. पाणी चिंधीवरून उतरते, आवाज होत नाही. वीतभर शेपूट मुद्दाम बाहेर ठेवले होते, महिन्याने ओढून बदलायला. दर्शनाला सांग, तिचा दोष नाही. मी निवृत्त झालो तेव्हा गावातला व्हॉल्व्ह अन् व्हॉल्व्ह वहीत लिहून नव्या माणसाच्या हाती दिला होता. आणि मुलाच्या घरातली एक वात तुझ्यावर रुसण्याच्या नादात सांगायची राहिली. याची मला लाज वाटते. तुझ्या छताचे फार नुकसान झाले का, ते कळव.

काल रत्नागिरीला जाऊन पासपोर्टचा अर्ज दिला. तिथल्या बाईंनी सहज विचारले, मुलाकडे फिरायला जाताय वाटतं? मी सांगितले, फिरायला नाही, तिथे माझे काम आहे. तुझी आई हसली. हसू दे.

उरलेला अर्धा पंचा धुऊन ट्रंकेत ठेवला आहे, पासपोर्टच्या जागी.

लोभ वाहता राहावा.
दत्ताराम

ता. क. मी येईपर्यंत त्या पाइपाला कुणीही हात लावू नका.