रूबेनसाठी ठेवलेल्या ओळी

प्रिय सर,

रूबेन येतोय. काल संध्याकाळी त्याने स्वतः फोन करून तिकीट काढल्याचं सांगितलं. तुम्हाला जाऊन अकरा महिने झाले. वर्ष भरताना कबरीवर नावाचा दगड बसवायला तुमचा हा मुलगा इस्राएलहून येणार. पण त्याच फोनवर आणखी एक गोष्ट कळली, म्हणून हे पत्र. तुमच्यावर मी इतका कधीच चिडलो नव्हतो.

रूबेनची आई, आमच्या फ्लोरा मॅडम, गेल्यावर तुम्ही कद्दीश, म्हणजे आईबापांमागे मुलाने म्हणायची तुमच्या धर्मातली प्रार्थना, चार आवाजांत बसवलीत. मनमाडला रेल्वेत नोकरी केलेला माणूस नाशिकरोडच्या घरात हिब्रू गाणं शिकवतो, म्हणून आम्ही कौतुकाने जमलो. चर्चमध्ये गाणाऱ्या मार्था आणि तिची बहीण, मी जोशी, बाकी शेजारपाजार. चौदा जण. या प्रार्थनेला तुमच्या समाजाची दहा माणसं लागतात, इथे तेवढीही उरली नव्हती. मागचं ‘आमेन’ कुणीही म्हणावं, पण पुढच्या ओळी माझा मुलगाच म्हणेल, असं तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत.

आणि त्या ओळी रिकाम्या ठेवल्यात! आठ वर्षं दर रविवारी तिथे आम्ही गप्प उभे राहायचो, तुमच्या हाताकडे बघत मात्रा मोजायचो आणि समोर नसलेल्या माणसाला ‘आमेन’ म्हणायचो. ती ओळ मी म्हणून बघू का, असं एकदा विचारलं तर म्हणालात, “संपादकसाहेब, संध्याकाळी पान छपाईला सोडायला ही पेपरातली बातमी नाही. थांबा. रूबेन सणाला येतोय.”

कोणत्या सणाला, सर? दर वर्षी नवा सण. मार्था वाट बघतच गेली. तिच्यामागे हे गाऊ या म्हटलं, तर तुम्ही वही मिटलीत.

काल मी रूबेनला विचारलं, ओळी बसल्या का?

“कुठल्या ओळी, काका? पप्पा मला कधी काही बोललेच नाहीत. मम्मीसाठी मी इथे रोज कद्दीश म्हटली. बोलावलं असतं तर तिथे येऊन म्हटली असती.”

दर शुक्रवारी तुम्ही त्याच्याशी फोनवर बोलायचात. गुडघे, पाऊस, कांद्याचा भाव, सगळं सांगायचात. हे तेवढं नाही. तो नाही म्हणेल अशी भीती होती? मग आम्हाला तरी सांगायचं. आम्ही हसलो असतो का?

त्याचा नंबर माझ्याकडेही होता. चार ओळींच्या बातमीसाठी तीन ठिकाणी खातरजमा करणारा मी. तुमचा शब्द मात्र एकदाही तपासला नाही.

आता आम्ही सहा जण उरलोय. रूबेन म्हणतो त्याला सूर नाही, तो नुसतं वाचेल. रविवारी त्याला फोनवर घेऊन तालीम आहे. पुढच्या महिन्यात दगडापाशी तुमची रचना एकदाची पुरी ऐकू येईल, तुम्ही आणि मार्था सोडून सगळ्यांना.

शब्द देतो, तो अडखळला तर आम्ही थांबणार नाही. ती ओळ मी म्हणेन. तुमची परवानगी मागत नाही.

तुमचाच,
सुहास जोशी