तिसऱ्या पिस्टनचे वारसदार

मी, सौ. अनुपमा प्रकाश टिपणीस, वय त्रेपन्न, व्यवसाय शिक्षिका, विषय रसायनशास्त्र, मूळ राहणार ठाणे, हल्ली मुक्काम शारजा, संयुक्त अरब अमिराती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही धाकाशिवाय लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. याविषयी घरात दोन मते असल्यामुळे आमच्या शाळेच्या डॉक्टर शहनाझ यांचा तसा दाखला सोबत टाचला आहे. त्यांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि विचारले, "मॅडम, आपको हुआ क्या है?" मी म्हटले, "मुझे कुछ नहीं हुआ. गाडी ठीक हो गयी है."

माझे पती श्री. प्रकाश दत्तात्रय टिपणीस यांचा उल्लेख पुढे नुसता 'प्रकाश' असा येईल. तोंडावर मी त्यांना 'अहो' म्हणते, पण कायद्याला 'अहो' चालत नाही. ते दुबईच्या देरा भागातील एका विमा कंपनीत मोटार क्लेम्सचे मॅनेजर आहेत. ठोकलेल्या गाड्यांचे कागद तपासायचे आणि पैसे का देता येत नाहीत हे नम्र इंग्रजीत कळवायचे, असे त्यांचे काम. माझी गाडी दुरुस्त होऊन आली तेव्हा किल्ली हातात देण्यापूर्वी त्यांनी अट घातली, की चालवायची असेल तर आधी मृत्युपत्र कर. ते करीत आहे.

रिवाजाप्रमाणे यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द करायची असतात. मी यापूर्वी एकही केलेले नाही. तरीही रद्द.

कलम १. ठाण्याच्या फ्लॅटमधील माझा अर्धा हिस्सा प्रकाश यांना हयातभर, व त्यानंतर आमची मुले निनाद व शुभ्रा यांना समान. मात्र बाल्कनी काचा लावून बंद करायची नाही. प्रकाश यांनी हा विषय बरीच वर्षे लावून धरला आहे. मी नसताना तो आपोआप मंजूर झाला असे कोणी समजू नये.

कलम २. माझे सर्व दागिने शुभ्राला. तिला हे सांगितले तेव्हा ती म्हणाली, "मॉम, धिस इज सो मॉर्बिड. कॅन आय हॅव द पर्ल वन नाउ?" मोत्याच्या कुड्यांबाबत उत्तर: नाही.

कलम ३. बँकेतील माझी शिल्लक प्रकाश यांना. ती कमी का आहे, याचा खुलासा पुढील कलमात आहे.

कलम ४. गाडी. हे कलम लांब आहे, कारण गाडी दोनच दारांची असली तरी तिच्यात पुष्कळ माणसे अडकलेली आहेत.

ही पांढरी जपानी गाडी निनादने दुबईत नोकरीला लागल्यावर जुनी विकत घेतली. मुळात ती अगदी साधी होती. शारजाच्या इंडस्ट्रियल एरियात हमदुल्ला नावाच्या पेशावरकडच्या मेकॅनिकचे गॅरेज आहे. तिथे दर शुक्रवारी जाऊन निनादने हमदुल्ला यांच्या मदतीने इंजिन उघडले, आतले पिस्टन बदलले आणि तिला टर्बो बसवला. टर्बो म्हणजे काय हे वारसांना ठाऊक असावे म्हणून लिहिते. इंजिनातून बाहेर पडणाऱ्या धुराच्या जोरावर एक चक्र फिरते, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात कोंबते, आणि हवा जास्त मिळाली की पेट्रोलही जास्त जाळता येते. माझ्या नववीच्या मुलांना हे एका तासात समजते. प्रकाश यांना ते समजून घ्यायचेच नव्हते. त्यांच्या लेखी फेरफार केलेली गाडी म्हणजे नामंजूर क्लेम.

१९९९ साली त्यांनी आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून निनादच्या विमा कंपनीला कळवले, की सदर गाडीत फेरफार झालेले आहेत. पॉलिसी रद्द झाली.

"बाबा, हे तुम्ही केलंत?" निनादने विचारले.

"मी नसतं केलं तर माझ्या खुर्चीला काय अर्थ राहिला?"

"आणि तुमच्या मुलाला?"

प्रकाश यांनी ताटातली भाजी पुढे-मागे केली. निनाद न्यूझीलंडला नोकरी पत्करून निघून गेला. जाताना गाडीचा मुलकिया, म्हणजे नोंदणीचे कार्ड, माझ्या नावावर करून गेला. मी सगळे फेरफार अर्जात लिहून दुसरीकडे विमा उतरवला. हप्ता किती पडतो हे प्रकाश यांना आजवर सांगितलेले नाही, आणि मेल्यावरही सांगणार नाही.

त्यानंतर दोन वर्षे बापलेक बोलले नाहीत. ऑकलंडहून फोन आला की प्रकाश "तुझा फोन" म्हणून रिसीव्हर माझ्या हातात देत आणि बाथरूममध्ये जात. निनादशी माझे बोलणे संपेपर्यंत तिथला नळ वाहत असे.

मी ती गाडी शाळेत नेऊ लागले. अकरावीची मुले सकाळी वेळेवर येऊ लागली, कारण गाडी फाटकातून आत येताना त्यांना ऐकायची असे. प्रिन्सिपॉलनी सर्व शिक्षकांसाठी नोटीस लावली, की आवारात वाहने सावकाश चालवावीत. सर्व शिक्षकांमध्ये बाकीचे स्कूलबसने येतात.

आता घटना. गेल्या मार्चमध्ये एका शुक्रवारी आम्ही हत्ता या डोंगरातल्या गावी सहलीला निघालो. मी, शेजारी प्रकाश, आणि मागे त्यांचे धाकटे भाऊ अरुणभावजी व त्यांची पत्नी प्रज्ञा. अरुणभावजी देऱ्यात अत्तराच्या रिकाम्या बाटल्यांचा व्यापार करतात आणि जगातल्या कोणत्याही यंत्राविषयी मत देऊ शकतात. आदल्या दिवशी "वहिनी, लांब जायचंय, हवा-पाणी बघून आणतो" म्हणून तेच गाडी घेऊन गेले होते.

हत्ता रोडवर लाल वाळूच्या टेकड्या सुरू झाल्या. मागच्या सीटवर गुडघे हनुवटीला टेकवून बसलेले अरुणभावजी म्हणाले, "वहिनी, जरा दाबा की. ती जीप पुढे गेली बघा."

मी दाबले. टर्बोच्या दाबाचा काटा रोज जिथे थांबतो तिथे थांबला नाही. मी पाय उचलला, पण तेवढ्यात बोनेटखाली कोणी खिळ्यांचा डबा हलवावा तसा आवाज झाला, मग एक धप्प, आणि आरशातला रस्ता निळ्या धुरात दिसेनासा झाला.

अशा वेळी काय करावे ते वारसांसाठी नोंदवते. मी क्लच दाबून गाडी न्यूट्रलला आणली. इंजिन बंद केले, पण किल्ली काढली नाही, कारण किल्ली काढली की स्टिअरिंग अडकते. बंद इंजिनाचे स्टिअरिंग जड होते आणि ब्रेकही दगडासारखा होतो. तो एकदाच, सलग दाबायचा. पुन्हा पुन्हा नाही. उजवीकडून एक ट्रेलर हॉर्न वाजवत गेला, तो जाऊ दिला, आणि गाडी हळूहळू कडेच्या वाळूत नेऊन उभी केली. प्रकाश हा सगळा वेळ डोळे मिटून पॉलिसीतील अपवादांची कलमे म्हणत होते, संध्याकाळी देवापुढे लावतात त्या आवाजात.

मागच्यांना उतरवायचे तर पुढची सीट वाकवावी लागते. घाईत प्रकाश ते विसरले, आणि प्रज्ञा त्यांच्या खांद्यावरून उतरली. प्रकाश पाण्याची बाटली घेऊन बोनेटकडे धावले, तर मी हात धरला. "गार पाणी ओतू नका. तडा जाईल. झालंय तेवढं पुरे."

मग अरुणभावजी म्हणाले, "दादा, मी म्हणतच होतो. असल्या गाड्या बायकांच्या हातात द्यायच्या नसतात. त्यांचा पाय जड पडतो."

गाडीखालच्या वाळूत तेल ठिबकत होते. निनादची एवढी एकच वस्तू इथे उरली होती, आणि ती मी मोडली असे मला वाटत होते. डोळे पुसायला मी टिफिनच्या पिशवीतला नॅपकिन काढला.

प्रकाश यांनी रुमालाने बोनेट उघडले आणि आत वाकले. जळक्या गाड्यांत वाकण्यातच त्यांची हयात गेली आहे. आतूनच त्यांनी विचारले, "अनुपमा, हा पिवळा रंग कसला?"

"बूस्टच्या स्क्रूवरची खूण. टर्बोने किती हवा कोंबायची ते त्या स्क्रूवर ठरतं. तो कोणी हलवला तर कळावं म्हणून हमदुल्लांनी रंगाची रेघ ओढलीय. स्क्रूवरची आणि खालच्या पट्टीवरची रेघ एका ओळीत हवी."

"एका ओळीत नाहीये." ते सरळ उभे राहिले आणि खिशातून पेन काढले. "अरुण, काल ही गाडी कोणाच्या ताब्यात होती?"

"दादा, हे काय आता?"

"प्रश्नाचं उत्तर दे."

"माझ्या."

"त्या काळात बोनेट उघडलं होतंस?"

"पाणी बघायला."

"हा स्क्रू पाण्याचा नाही."

अरुणभावजींनी टेकड्यांकडे पाहिले, मग प्रज्ञाकडे पाहिले, आणि पुन्हा टेकड्यांकडे पाहणे त्यांना सोयीचे वाटले. "थोडासा फिरवला रे. पिकअप बघायला."

"थोडासा म्हणजे?"

"दोन फेरे. फार तर तीन."

"गाडीच्या मालकिणीला सांगितलंस?"

"वहिनींना काय कळणार होतं त्यातलं?"

मला जे कळते ते असे. स्क्रू फिरवल्यावर हवा वाढली, पण पेट्रोल होते तेवढेच राहिले. अशी ज्वाला नको तितकी तापते, भलत्या वेळी भडकते, आणि पिस्टन ॲल्युमिनियमचा असल्यामुळे वितळतो. हे मी तिथेच, रस्त्याच्या कडेला, अरुणभावजींना सांगितले. प्रज्ञाला पहिल्या वाक्यात कळले.

प्रकाश यांनी पेनाला टोपण लावले. "अरुण, नामंजूर." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "तुझ्या पायाचा काही संबंध नाही." आमच्या संसारात माझ्या बाजूने लागलेला हा पहिला स्पष्ट निकाल. तो तोंडी असल्यामुळे येथे लिहून ठेवत आहे.

बंद गाड्या उचलून नेणारा रिकव्हरीचा ट्रक आला. ड्रायव्हर म्हणाला, "केबिन में दो ही बैठेगा." मी प्रज्ञाला पुढे केले, तर ती म्हणाली, "वहिनी, तुम्ही दोघं जा. मला यांच्याशी जरा बोलायचंय." ते काय बोलले ठाऊक नाही, पण त्यानंतर अरुणभावजींनी कोणत्याही बोनेटला हात लावलेला नाही.

हमदुल्ला यांनी इंजिन उघडले. तिसऱ्या पिस्टनला आरपार भोक होते. प्रकाश यांनी त्यातून बोट घालून पाहिले. दुरुस्तीचा आकडा ऐकल्यावर सवयीने त्याचे रुपये केले आणि शेजारच्या टायरवर बसले. "बेच दो साहब," हमदुल्ला म्हणाले. "खलास." प्रकाश यांनी पेनाचे टोपण काढले आणि विचारले, "क्या क्या डालना पडेगा?"

अडचण अशी, की आतले पिस्टन निनादने परदेशातून मागवलेले होते आणि त्यांचे माप त्यालाच ठाऊक. मी त्याला गॅरेजचा नंबर कळवला. त्याचा फोन आला तेव्हा मी शाळेत होते, आणि हमदुल्ला यांचे हात तेलाने माखलेले होते, म्हणून प्रकाश यांना फोन उचलावा लागला. हमदुल्ला यांनी हात मुद्दाम माखून घेतले होते, असा माझा संशय आहे.

दोन वर्षांनंतर बाप मुलाशी बोलला ते पहिले वाक्य असे: "कॉम्प्रेशन रेशो किती ठेवला होतास?"

पलीकडून निनाद म्हणाला, "साडेआठ. बाबा, तुम्ही गॅरेजमध्ये काय करताय?"

"पाहणी," प्रकाश म्हणाले.

त्या दिवसापासून ऑकलंडचा फोन मला मिळेनासा झाला. बाथरूमचा नळ बंद. निनादने नवे पिस्टन कुरिअरने बापाच्या ऑफिसच्या पत्त्यावर पाठवले. दुरुस्तीचे पैसे माझ्या शिल्लकीतून गेले. प्रकाश यांनी पिस्टनवरच्या रिंगांच्या फटी स्वतः मोजल्या आणि एक जास्त भरली म्हणून मुलाला फोनवर चांगले झापले. नंतर निनाद मला म्हणाला, "आई, बाबा रिंगवरून ओरडले मला." आणि म्हणाला, "बरं वाटलं." येत्या सुट्टीत तो येणार आहे. इन्शाल्ला.

सबब गाडीची व्यवस्था पुढीलप्रमाणे.

(अ) तिसरा पिस्टन, आहे त्या स्थितीत, अरुणभावजींना. तो त्यांनी दुकानात अत्तराच्या बाटल्यांच्या शोकेसमध्ये ठेवावा, भोक गिऱ्हाइकाच्या बाजूला करून.

(आ) पान्यांची पेटी शुभ्राला. ती "व्हॉट वुड आय डू विथ इट?" असे म्हणेल. तिने ती तरीही घ्यावी.

(इ) प्रत्यक्ष गाडी प्रकाश व निनाद यांना संयुक्तपणे द्यावी, आणि समोरासमोर किंवा फोनवर, स्वतःच्या तोंडाने बोलून एकमत झाल्याशिवाय ती विकता येऊ नये, असे मी लिहिले होते. मजकूर तपासायला प्रकाश यांना दिला. त्यांनी ऱ्हस्व-दीर्घाच्या दोन चुका काढल्या आणि या पोटकलमापाशी लाल प्रश्नचिन्ह केले.

"हे जमणार नाही," ते म्हणाले.

"का? लायसन्स आहे की तुमच्याकडे."

"लायसन्सचा प्रश्न नाही." त्यांनी चष्मा काढून सदऱ्याला पुसला. "तू नसताना ती मी चालवायची? मला त्या बाजूच्या सीटची सवय झालीय, अनुपमा. तिथून रस्ता दिसतो. आणि कोणाला तरी सावकाश म्हणता येतं."

मी वरील मजकूर खोडला. त्याऐवजी असे वाचावे:

(इ) माझ्या पश्चात गाडी एकट्या निनादची. तिच्या बाजूच्या सीटवर बसण्याचा हयातभराचा हक्क प्रकाश यांचा, आणि "सावकाश" म्हणण्याचाही. तो शब्द दर वेळी ऐकून घेणे निनादवर बंधनकारक आहे. पाळणे बंधनकारक नाही.

कलम ५. या मृत्युपत्राची अंमलबजावणी प्रज्ञा अरुण टिपणीस हिने करावी. तिच्यापुढे कोणी फाटे फोडणार नाही.

वरील सर्व मी वाचून पाहिले, मला ते पटले, आणि खाडाखोड माझीच आहे. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करीत आहे. किल्ली सहीनंतर मिळायची आहे.

सही: अनुपमा प्रकाश टिपणीस

साक्षीदार:
१. डॉ. शहनाझ (लिहून देणार पूर्ण शुद्धीत आहेत, हे पुन्हा एकदा)
२. हमदुल्ला, मेकॅनिक (सही उर्दूत, मजकूर हिंदीत समजावून सांगितला, तिसऱ्या पिस्टनपाशी दोनदा)

ठिकाण: शारजा
दिनांक: ७ डिसेंबर २००१