चेंडू शिवणारे ओगावा-सान

सेंदाई, शुक्रवार, १४ नोव्हेंबर

ओगावा-सानांना आज मी नाही म्हणाले. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही.

सोमवारी आमच्या ग्रंथालयात सत्तर वर्षांपूर्वीच्या कॉलेज फुटबॉल संघाचं प्रदर्शन आहे. माहितीफलक मी लिहितेय. त्या संघातले आता एकटे ओगावा-सान उरलेत. शेवटचा सामना आपण खेळलो, असं ते मुलीला लहानपणापासून सांगत आलेत. संघाच्या वहीत मात्र त्यांच्या नावापुढे दर सामन्याला एकच नोंद: चेंडू शिवला. खेळल्याची नोंद कुठेच नाही.

"ही वही अजून कोणी वाचलीय?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग झालं तर. खेळलो असं लिहा."

"पण मी वाचलीय ना."

ते हसले. बोटं मात्र टेबलावर टाके घातल्यासारखी हलत राहिली.

मी तरी कुठली एवढी खरी? घरातली पहिली पदवीधर, म्हणून बाबा गावभर सांगतात, पोरगी जपानात प्रोफेसर आहे. मी अजून शिकतेय, हे काम पार्टटाइम. दर रविवारी फोनवर त्यांच्या तोंडून ते ऐकते आणि गप्प बसते.

फलकावर लिहिलंय, 'प्रत्येक सामन्याचा चेंडू यांनी शिवला.' सोमवारी त्यांची मुलगी ते वाचेल. त्याआधी, रविवारीच, बाबांना खरं सांगायला हवं. नाहीतर ओगावा-सानांसमोर कोणत्या तोंडाने उभी राहू?