जॅकेटाच्या आतलं पोतं

प्रिय अण्णा,

"त्याला पाऊसच धुतोय की. तू कावून धुतीस?" असं तुम्ही म्हणाला होतात, आणि मी हसले होते. आज ते आठवलं, कारण वहिनीनं दसरा काढायला घेतलाय. घट बसायच्या आत घरातलं सगळं धुवायचं, म्हणून मीही माहेरी आले. तुम्हाला जाऊन वर्ष उलटलं, तरी खुंटीवरचं तुमचं निळं जॅकेट कुणी हलवलं नव्हतं. तिनं तेही अंगणात आणलं.

शाळेतल्या मुलांची सहल घेऊन पुण्याला गेले, तेव्हा मी ते आणलं होतं. शेळ्या घेऊन भर पावसात आलात तरी त्यावरून थेंब ज्वारीच्या दाण्यांसारखे घरंगळायचे. केजच्या बाजाराला तर तुम्ही ते उन्हातही घालून गेलात! कुणी विचारायच्या आधीच सांगायचात, लेकीनं आणलंय.

मग दसरा आला. गोधड्यांबरोबर मी तेही सोड्याच्या उकळत्या पाण्यात टाकलं, दगडावर आपटलं, धोपाटण्यानं बडवलं. शेळ्यांचा वास गेला पाहिजे ना! किती समाधान वाटलं होतं मला.

पुढच्या पावसाळ्यात तुम्ही जॅकेटावर खताच्या पोत्याची खोळ घेऊन पारावर बसलेले दिसलात. मी चारचौघांत बोलले. एवढं चांगलं आणून दिलं, आणि वरून पोतं? लोक मला काय म्हणतील? तुम्ही खोळ काढून तिची घडी घातलीत. "गार लागतंय गं," एवढंच म्हणालात. त्यानंतर पोतं कधी दिसलं नाही. मला वाटलं, माझं ऐकलंत.

आज जॅकेट उलटं केलं. पाणी अडवणारा आतला पापुद्रा सोलून निघालेला. आणि पाठीला, खांद्यांना आतून तेच पोतं शिवलेलं. दाभणाचे टाके, तुमचेच. मला दिसू नये म्हणून? एकदा सांगायचं तरी होतंत, अण्णा. पण सांगितलं असतंत, तर मी ऐकलं असतं का?

गळ्याशी कंपनीनं शिवलेली एक चिठ्ठी आहे. गरम पाणी नको, पिळू नका, सावलीत वाळवा. नुसती चित्रं आहेत, तुम्हालाही कळली असती. मास्तरीण असून मी ती पाहिलीच नाहीत.

वहिनीच्या हातून मी ते काढून घेतलं. गार पाण्याच्या फडक्यानं पुसलं, लिंबाखाली पसरलं. टाके उसवले नाहीत. यापुढे दर दसऱ्याला एवढंच करीन. सोड्याच्या पाण्यात ते पुन्हा जाणार नाही.

फक्त एकदा, स्वप्नात का होईना, मला रागावून म्हणा, "नासवलंस तू ते." म्हणणार नाही तुम्ही. तेव्हाही म्हणाला नाहीत.

तुमची,
मंदा