घरातल्या सगळ्यांनी लावायचं औषध

पेण,
१८ फेब्रुवारी १९७६

ती. काशीताईस,

धाकट्या मालूचा नमस्कार. दाजींनाही सांग. मी खुशाल आहे. तू पाठवलेले पोहे पोचले, निम्मे दवाखान्यातच संपले.

एक विनंती. या वेळी पत्र दाजींकडून वाचून घेऊ नकोस. तुझ्या सुनेला, शांतीला, शेजारी बसव आणि तिच्याकडून वाचून घे. सातवी झालेली आहे, अडखळणार नाही.

आधी इकडची गंमत. माझ्याकडे खाडीकाठची मिठागरवाल्यांची वाडी आहे ना, तिथे खरूज पसरली होती. बावीस घरं, आणि प्रत्येक घर म्हणायचं, "आमच्यात नाय, शेजारी हाय." डॉक्टरांनी पांढऱ्या औषधाच्या बाटल्या देऊन मला धाडलं. हे औषध एकट्याने लावून भागत नाही. ज्याला खाज नाही त्यानेही त्याच दिवशी लावायचं, नाहीतर बरा झालेला माणूस घरातल्याच दुसऱ्याकडून ती परत घेतो. रविवारी सगळी वाडी देवळापुढे जमली, पण पहिला हात पुढे करायला कुणी तयार नाही.

तेवढ्यात ठमाबाई उठली. वय सत्तर, मिठाने पाय फुटलेले, जीभ मात्र धडधाकट.

"गो नर्सबाय, आमाला चुना फासतेस. तू सोता लावलंस काय?"

"मला कशाला?"

"मंग तीन म्हैने या उन्हात लांब बाह्या कशाला घालतेस?"

 ताई, मग मी बाह्या वर केल्या. बोटांच्या बेचक्या, मनगटं, कोपर, सगळं दाखवलं. ठमाबाई पोट धरून हसली. "व्हय गो व्हय, आमचीच हायस तू!" म्हणाली, आणि तिनेच माझ्या हाताला औषध चोळलं. मग काय, रांग लागली! मी ओरडत होते, डोळ्यांजवळ नको, भेगांवर नको, चरचरेल, आणि म्हातारा हिरामण मिशीवर हात ठेवून विचारत होता, "ही काळीच राहील ना गो?" दोन पोरांच्या खरजेत पू झाला होता, त्यांना मात्र डॉक्टरांकडे नेलं. पेनिसिलिनची सुई भरण्याआधी त्यांच्या आईला दोनदा विचारलं, मागे कधी सुईने अंगावर गांधी उठल्या होत्या का, दम लागला होता का. त्या बाबतीत मी फार जपते.

दुसऱ्या बाबतीत जपले नाही, ते आता लिहिते.

दाजींनी कळवलं की शांतीला खाज सुटली, मागोमाग तिच्या नवऱ्याला, सखाला, आणि तुला. कासूहून, माहेराहून, तिने घाण आणली म्हणून तू तिचं ताट वेगळं केलंस, चुलीजवळ येऊ देत नाहीस, आणि शिमग्याआधी तिला परत धाडायचं म्हणतेस.

तिने आणली नाही, ताई. मी आणली.

मार्गशीर्षातल्या लग्नानंतर पूजा होईपर्यंत नवी नवरी बुजेल म्हणून तू मला तिच्याजवळ निजवलंस. तीन रात्री आम्ही एका गोधडीत होतो. माझ्या बोटांत तेव्हाच खाज होती, आणि ती कसली हे मला कळत होतं. पण नर्सला खरूज म्हटल्यावर लग्नघरात हसतील, म्हणून बोलले नाही. ही पहिल्यांदा लागली की महिनाभर गप्प बसते, मग उठते. तूच हिशेब लाव. आणि घाणीचं म्हणशील तर मी रोज दोनदा आंघोळ करते.

दाजींचं पत्र येऊन अकरा दिवस झाले. तू शेतात राबलीस म्हणून मी शिकले, आणि शिकून अकरा दिवस तोंड मिटून बसले.

शांती, हे तूच वाचते आहेस. मला माफ कर.

मला रजा नाही, म्हणून डॉक्टरांना विचारून बाटल्या एस.टी.चे कंडक्टर हैबतराव यांच्या हाती धाडते. बाटली आधी हलवा. आंघोळ करून अंग कोरडं करा आणि मानेपासून तळपायापर्यंत सगळ्यांनी लावा. दुसऱ्या दिवशी आंघोळ न करता पुन्हा एकदा, तिसऱ्या दिवशी आंघोळ. कपडे, गोधड्या उकळून कडक उन्हात टाका. नंतरही दोन-तीन आठवडे खाज रेंगाळते. म्हणून सारखं फासत बसू नका, कातडी सोलवटेल. आणि शांतीला दिवस गेले असतील तर तिला हे लावू नका, आधी मला कळवा. तिच्यासाठी वेगळं मलम देईन.

तुझी अपराधी,
मालू


रोहा,
९ मार्च १९७६

ती. मालूमावशींस,

शांतीचा नमस्कार. सासूबाई सांगताहेत, मी लिहिते आहे.

तुमचं पत्र ओसरीवर वाचलं. "मी आणली" इथे आल्यावर त्या म्हणाल्या, "पुन्हा वाच." पुन्हा वाचलं. मग मामंजींना बोलावून त्यांच्याकडूनही वाचून घेतलं. नंतर उठल्या, माझं वेगळं ताट उचललं आणि सगळ्यांच्या ताटांत ठेवलं.

मला दिवस नाहीत. हेही त्यांनी भर ओसरीवर, सगळ्यांदेखत विचारलं.

औषध सगळ्यांनी लावलं. मामंजी म्हणाले, "मला खाज नाय." सासूबाईंनी त्यांना पाटावर बसवलं आणि भिंत सारवावी तसं माखलं. आता घरात कुणाला नवे फोड नाहीत. शिमग्याला पुरणपोळ्या मी लाटणार आहे. तुम्ही या.

सासूबाई म्हणतात, "लिही, चूक माझी झाली."

मी थांबले, तर म्हणाल्या, "थांबलीस कशाला? शाई संपली काय? तुलाच सांगते गो, पण तोंडावर बोलवत नाय. म्हणून लिही."

तेव्हा लिहिते. चूक माझी झाली.

खाली अंगठा सासूबाईंचा, अक्षर माझं.

शांती